गोटणवरून, स्वानंदला

नवीन पनवेल
९ फेब्रुवारी २०२५

स्वानंद,

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या ताईंच्या फोनवर केला तर त्या म्हणतात, "मागे कलमांना पाणी घालतोय, सांगते हं त्याला." त्या सांगत असणारच. म्हणून आता पत्र. देवरुखचा पोस्टमन तुमच्या अंगणापर्यंत येतो हे मला माहीत आहे. वाचून फाडलंस तरी चालेल, पण वाच.

मी बरी आहे. कॉलेजला जाते, प्रयोगशाळेतली कामं नेहमीसारखी चालू आहेत. जेवते. तू काळजी करत असशील तर करू नकोस.

आज रविवार, म्हणून गोटणला गेले होते. उरणची बस, पुढे रिक्षा, मग वनखात्याची चौकी. शोध चालू होता तेव्हा तू त्या चौकीपर्यंत आला होतास. आत आला नाहीस. पाच दिवस तिथल्या बाकावर बसून होतास आणि होड्या परत येताना दिसल्या की उठून उभा राहायचास. मी तेव्हा तुला आत चल म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण आपला मुलगा जिथे शेवटचा उभा होता ती जागा तू बघितलेली नाहीस, म्हणून मी सांगते.

चौकीपासून कांदळवनातून लाकडी फळ्यांची वाट आहे. ती संपते तिथे एक मनोरा, आणि मनोऱ्यापुढे एकदम उघडं होतं सगळं. वाळू नाहीच. नुसते गोटे. करडे, काळे, पावापासून बटाट्यापर्यंतच्या आकाराचे, हजारो वर्षं घासून गुळगुळीत झालेले. त्यांचा एक लांबलचक बांध समुद्रानेच घातलाय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला त्या बांधाने अडवलेलं उथळ पाणी. गावातले त्याला खाजण म्हणतात. लाट मागे जाताना सगळे गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि असा आवाज होतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मला सारखं वाटतं, वरदने हाक मारली असेल आणि बरोबर गेलेल्या शेजारच्या भावेशला ती या आवाजात ऐकूच आली नसेल.

खाजणात पक्षी इतके होते की पाणी दिसत नव्हतं. रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. त्यांच्या मधूनमधून लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे. वरदने मला नावं शिकवली होती आणि मी "हो का" म्हणत कणीक मळत होते. आता मला सगळी ओळखता येतात. वाचून वाचून पाठ केली आहेत.

बांध जिथे तुटतो ती जागा मनोऱ्यापासून बरीच पुढे आहे. तिथून भरतीचं पाणी खाजणात शिरतं. त्याला गोटणचं तोंड म्हणतात. ओहोटी होती तेव्हा वरद ते ओलांडून पलीकडच्या टोकावर गेला, फोटोसाठी. भावेश अलीकडे राहिला. तो म्हणतो, पाणी भरायला लागलं तेव्हा त्याने हात केले, वरदनेही हात केला, "येतो" असा. मग भावेश होडी आणायला पळाला. होडी आली तेव्हा टोक बुडालं होतं.

एवढंच कळलंय आणि एवढ्यावर तू गुरुजींना बोलावलंस. पळसाची पानं आणलीस, त्यांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा म्हणून. मी ती पानं जिन्यातून खाली फेकली, शेजारी बघत होते तरी. मला त्याबद्दल वाईट वाटत नाही, स्वानंद. पुन्हा आणलीस तर पुन्हा फेकीन. ज्याला कुणी मेलेला बघितला नाही त्याला मी पानांत गुंडाळून जाळणार नाही.

पोहता येत होतं त्याला. तूच शिकवलंस.

मृदुला

नवीन पनवेल
२३ फेब्रुवारी

स्वानंद,

तुझं उत्तर नाही. ताई म्हणाल्या, पत्र मिळालं, त्याने खिशात ठेवलं. बरं.

आज एक वाईट बातमी कळली. एक मार्चपासून गोटण बंद. पक्ष्यांची अंडी घालायची वेळ. चिखल्या, टिटव्या, पुढे सुरय, सगळे त्या गोट्यांतच अंडी घालतात, घरटं म्हणून काही नसतंच. म्हणून पावसाळ्यापर्यंत कुणालाही आत सोडत नाहीत. चौकीवरचा हरेश, तो उंच वनरक्षक, आठवत असेल तुला, त्याने चहा देतादेता सांगितलं. कधीतरी सांगावंच लागणार होतं त्याला.

मी त्याच्या साहेबांना भेटायला गेले. सभ्य माणूस आहे. उभा राहिला, खुर्ची दिली.

"मॅडम, आम्ही पलीकडच्या कांदळवनातही माणसं घातली होती. होतं तेवढं सगळं केलं."

"मला माहीत आहे. मी तक्रार करायला नाही आले. मला फक्त जाऊ द्या. एकटीला. रविवारी."

"नियम सगळ्यांना सारखा आहे. एकाला सोडलं की फोटोवाले रांग लावतील."

"मी फोटोवाली नाही."

त्याने टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे केला. शेवटी म्हणाला, "तुम्ही तिथे जाऊन काय शोधता?" मला सांगता आलं नाही. तुला सांगते. त्याचा चष्मा. लाटेने गोट्यांत अडकून राहिला असेल असं मला वाटतं. मी वाकून वाकून बघते. दिवसभर. कंबर धरते, मग बसते, मग पुन्हा.

तिथे एक जनीबाई म्हणून कोळीण आहे. राखीव हद्दीच्या बाहेर खडक आहेत, त्यांवरची कालवं काढायला येते. आज तिने मला हाक मारली.

"ए बाय, तुजा पोरगा ना तो?"

मी हो म्हटलं.

"बस हितं. उन्हात किती फिरशील." तिने डबा उघडला. भाकरी होती, बोंबील होता. अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "खा."

मी भाकरी घेतली आणि बोंबील परत केला. आपल्याकडे जानेवारीपासून मासे शिजलेले नाहीत. मला ते पुढ्यात आले तरी... तू समजून घे. मला वाटलं, ती विचारेल. तिने विचारलं नाही. बोंबील डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि स्वतःही नुसती भाकरी खाल्ली, पाण्याबरोबर.

मग म्हणाली, "माजा दादला पन दर्यातच ऱ्हायला. बोट आली, तो नाय आला. सासू बोलली, कुकू पूस. मी नाय पुसला. बरीच वरसं नाय पुसला."

"मग?"

"मग काय. एक दिस पुसला. कुनी सांगलं नवतं त्या दिशी."

मी विचारलं, का पुसलंत. ती म्हणाली, "दमले, बाय."

भावेश परवा जिन्यात भेटला. मला बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला काही बोलत नाही, पण त्याला वाटतं मी बोलते.

तू एक ओळ तरी लिही.

मृदुला

नवीन पनवेल
२३ मार्च

स्वानंद,

हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी आज बंदीत आत शिरले.

सकाळी चौकीवर हरेश नव्हता, दुसरा एक नवीन माणूस होता. मी पलीकडून, जनीबाईच्या खडकांच्या बाजूने गेले. ओहोटी होती. चिखलात मांडीपर्यंत रुतले, चप्पल तिथेच राहिली. अनवाणीच बांधावर चढले. मी काय विचार करत होते ते विचारू नकोस. गेल्या तीन रविवारी हरेशने मला फक्त मनोऱ्यापर्यंत जाऊ दिलं होतं आणि मनोऱ्यावरून मला पलीकडच्या टोकावर काहीतरी चमकताना दिसलं होतं. तो चष्मा असणार असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ते डोक्यातून काही केल्या निघेना.

बांधावर पोचले तशा टिटव्या उठल्या. डोक्यावरून खाली यायच्या, केसांना वारा लागेपर्यंत, आणि पुन्हा वर. एक चिमुकला पक्षी, चिखल्या, माझ्यापुढे पंख मोडल्यासारखा लोळत लोळत पळायला लागला. वरदने मला हे सांगितलं होतं. आईच असते ती, आणि असं नाटक करते, म्हणजे तुम्ही तिच्या मागे जाल आणि अंड्यांपासून लांब जाल. मला हे माहीत होतं. तरी मी तिच्या मागे गेले नाही. मला त्या चमकणाऱ्या वस्तूकडे जायचं होतं. मी सरळ चालत राहिले.

पायाखाली काहीतरी फुटलं. गोट्यांवर पाय पडतो तसं नाही. मऊ.

बघितलं तर तीन अंडी होती, गोट्यांच्याच रंगाची, काळे शिंतोडे असलेली. एक माझ्या टाचेखाली. आत पिल्लू जवळजवळ झालं होतं. चोच होती त्याला.

मी तिथेच बसले. ती लोळणारी चिखली थांबली होती. काही अंतरावर उभी राहून माझ्याकडे बघत होती, पंख नीट मिटून. आता नाटक करायचं काही कारण तिला उरलं नव्हतं. मी उठेपर्यंत ती येणार नव्हती, आणि मला उठता येत नव्हतं. बाकीची दोन अंडी उन्हात पडली होती. मला कळत होतं की मी सावली धरायला हवी किंवा निघून जायला हवं. दोन्ही करता येईना.

हरेश आला. कुणीतरी त्याला फोन केला असणार. मला वाटलं ओरडेल. तो आपली टोपी काढून माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उठा. माझ्या पावलावर पाऊल टाका. इकडे तिकडे नको." मी त्याच्या मागे मागे निघाले. एकेक पाऊल त्याच्या पावलावर. मनोऱ्याशी पोचल्यावर तो म्हणाला, "आता तुम्हाला आत नाही सोडणार. हात जोडतो."

"तिकडे टोकावर काय चमकतं?" मी विचारलं.

"बाटलीचा तुकडा आहे, मॅडम. मी बघून आलोय. दोनदा बघून आलोय, तुमच्यासाठी."

स्वानंद, मी तुला मागे लिहिलं ते खरं नाही. मी कॉलेजला जात नाही. जानेवारीपासूनच बिनपगारी रजेवर आहे. रविवारीच नाही, मी जवळजवळ रोज जाते तिथे. घरात त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तर बघवत नाही आणि बंद केलं तर आत कुणीतरी आहे असं वाटतं. तिथे निदान पाय दुखतात.

मला इथे एकटीला ठेवू नकोस. तुला यायचं नसेल तर मला तिकडे ये म्हण. मी येईन की नाही ते माहीत नाही, पण म्हण.

मृदुला

नवीन पनवेल
४ एप्रिल

स्वानंद,

आज पोलीस ठाण्यातून फोन होता. खाजणाच्या पलीकडच्या अंगाला, कांदळवनाच्या मुळांत, प्लास्टिक काढणाऱ्या लोकांना काहीतरी सापडलं. देह म्हणता येणार नाही इतके दिवस झालेत. पुरुष. तरुण. एवढं डॉक्टर सांगू शकले.

मी गेले होते. भावेशला बरोबर घेतलं, दुसरं कुणी नव्हतं. तो दारातच थांबला, मी आत गेले. जीन्सची एक बाजू शिल्लक आहे. वरदची निळी होती, ही निळी होती का ते सांगता येत नाही. दात बघायला सांगितले. मी बघितले. आईला मुलाचे दात ओळखता येतील असं तुला वाटतं ना? मलाही वाटायचं. मी उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही ओळखता आलं नाही.

डीएनए तपासणार आहेत. आई आणि वडील दोघांचं रक्त असेल तर खात्रीने सांगता येतं म्हणतात. तारीख पंधरा दिली आहे, सरकारी दवाखान्यात, सकाळी अकरा.

तू माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस. पण ये. ताईंना मी फोनवर सगळं सांगितलं आहे, त्या तुला गाडीत बसवतील म्हणाल्या. तरी मी लिहिते आहे, कारण त्यांनी सांगणं आणि मी सांगणं वेगळं.

ये.

मृदुला

नवीन पनवेल
१७ एप्रिल

स्वानंद,

तू आलास. त्याबद्दल लिहिते.

तू दाढी वाढवली आहेस हे ताईंनी सांगितलं नव्हतं. मी बाकावर बसले होते आणि माझ्यासमोरून एक म्हातारा गेला, चौकशीच्या खिडकीशी थांबला, वळला, आणि तो तू होतास. शर्ट आपण दिवाळीला घेतलेला. गळ्यापाशी सैल.

रक्त घेताना त्या मुलीने तुला विचारलं, "काका, नातं?" तू म्हणालास, "वडील." मला विचारलं, मी म्हटलं, "आई." तिने दोन बाटल्यांवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्या एकाच खोक्यात ठेवल्या. नंतर आपण त्याच बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. तू चहा आणलास. माझ्यात साखर कमी सांगितली होतीस.

मग तू जे बोललास. मी ते तसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला कळेल की मी नीट ऐकलं.

"मृदुला, तोच निघू दे."

मी उठले. तू माझा हात धरलास, मी सोडवून घेतला. लोक बघत होते. मी म्हटलं, "तू बाप आहेस का त्याचा?" आत्ताच तू त्या मुलीला सांगितलं होतंस की आहेस. तू चहाचे दोन्ही कप उचललेस, कचऱ्यात टाकलेस, आणि स्टँडकडे चालायला लागलास. घरी आला नाहीस. मी वर ये म्हटलं नाही.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून घरात फिरते आहे. भांडी घासताना तुझ्याशी भांडते. आणि आज दुपारी, बाल्कनीत कपडे वाळत घालताना, माझ्या तोंडून शब्द निघाले. मोठ्याने. तोच निघू दे. तुझ्या आवाजात नाही, माझ्याच.

मी कपडे टाकून आत येऊन बसले. इतके दिवस मी देवाला फक्त एक मागत आले की तो गेलेला नसू दे. कुठेतरी असू दे. डोक्यावर मार बसून नाव विसरलेला, कुठल्या बोटीवर, गुजरातेत, कुठेही. आणि आता मी मागते आहे की ती हाडं माझ्या मुलाची असू देत. काय झालं आहे आपलं, स्वानंद? कुठली आई असं मागते?

तुला हे आधी समजलं होतं का? तू पळसाची पानं आणलीस तेव्हा?

निकालाला महिना-दीड महिना लागेल म्हणाले. तोवर मी काय करू ते सांग. कुणीतरी सांगा. मी सकाळी उठते आणि दात घासायला उभी राहते आणि पुढे काय करायचं असतं ते आठवत नाही.

मृदुला

नवीन पनवेल
२९ मे

स्वानंद,

फोनवर तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. मीही ठेवला. आता नीट लिहिते.

तो वरद नाही.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला समोर बसवून दोनदा सांगितलं. तुमचं दोघांचंही जुळत नाही. काही संबंध नाही. मी विचारलं, चूक होऊ शकते का. ते म्हणाले, यात नाही होत. मी आभार मानले. बाहेर आले. ठाण्यासमोर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे उभी राहून रस प्यायले, एक पेला, मग आणखी एक. हसू येत होतं की रडू, ते दुकानदारालाही कळेना. त्याने पैसे घेतले नाहीत.

तिथून तशीच जनीबाईकडे गेले. तिच्या दाराशी बसून सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, आशा आहे. ती जाळं विणत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग कुनाचा हाय तो?"

"माहीत नाही. कुणी तक्रारच दिलेली नाही. त्या वयाचा, त्या सुमाराला हरवलेला, असा कुणी नोंदीत नाही."

"कुनाचा तरी आसलंच ना. आभालातनं नाय पडला." मग हात थांबले तिचे. "त्याची आय पन शोधत आसंल कुठं तरी. का तिला ठाव पन नाय?"

स्वानंद, मी दोन महिने त्या मुलाला माझा समजत होते. रोज मनात त्याच्याशी बोलत होते. त्याच्यासाठी पांढरा सदरा आणून ठेवला होता, तो तुला सांगितला नव्हता. आता एका कागदावर "जुळत नाही" आलं आणि मी त्याला परक्यासारखा तिथे टाकून उसाचा रस पीत उभी होते. कुणीच आलं नाही तर ठराविक मुदतीनंतर सरकारी खर्चाने उरकतात. चारदोन बेवारस एकत्र, एखाद्या दिवशी. नाव नाही, कुणी उभं नाही.

मी साहेबांकडे परत गेले. विचारलं, मी नेऊ का त्याला? वरद नाही हे मला समजलंय ना, याची त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली. समजलंय, म्हटलं. मग म्हणाले, अर्ज द्या. मुदतीत कुणी आलं नाही तर परवानगी मिळू शकते. हाडाचा नमुना त्यांच्याकडे राहील, उद्या कुणी आलंच तर जुळवता येईल.

मी अर्ज दिला. त्यावर तुझं नाव घातलं आहे, न विचारता. अग्नी देणारा म्हणून.

मी वरदसाठी हे करत नाही. नीट वाच. वरदचं मी अजून काहीही मान्य केलेलं नाही. पण हा एक पोरगा आहे, त्याला आग द्यायला कुणी नाही, आणि तुला ती द्यायची होती. म्हणून विचारते.

येशील का?

मृदुला

नवीन पनवेल
१५ जून

स्वानंद,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू आतल्या खोलीत झोपला आहेस. जेवून आडवा झालास तो पंख्याखाली तसाच. वरदच्या पलंगावर. मी उठवलं नाही. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहिते. उठलास की चहाबरोबर देईन.

कालचं सांगते, तू होतास तरी. कारण तू सगळा वेळ जमिनीकडे बघत होतास आणि काही गोष्टी तुला दिसल्या नसतील.

खांदा द्यायला चार माणसं लागतात. तू, भावेश, हरेश रजा टाकून आला होता, आणि चौथं कुणी नव्हतं. तेव्हा जनीबाईने पदर खोचला आणि चौथी बाजू उचलली. गुरुजी काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. वजन नव्हतंच काही. भावेश मात्र वाकला होता, जसा काही खांद्यावर पूर्ण माणूस आहे. परत निघताना तो माझ्यापाशी आला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "काकू, मी त्याला थांब म्हटलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे रे." त्याच्या शर्टाला राख लागली होती, मी ती झटकली. तो जिन्यात भिंतीकडे तोंड करायचा, ते मला आता कळलं. त्या दिवसाबद्दल मी त्याच्याशी कधी बोललेच नव्हते ना.

गुरुजींनी विचारलं, नाव?

तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. वरदचं नाव मी देणार नव्हते आणि तूही मागितलं नाहीस, हे मी विसरणार नाही.

"नाव माहीत नाही," तू म्हणालास.

"गोत्र?"

तिथे तू थांबलास. मला वाटलं, तेही माहीत नाही म्हणशील. काय जात होती त्याची, कुठला धर्म होता, कुणाला ठाऊक. तुझे ओठ हलत होते. मग म्हणालास, "आमचं लावा. चालत असेल तर." गुरुजी म्हणाले, "चालतं." ते खरंच चालतं की नाही, मला माहीत नाही. त्या माणसाने चालवून घेतलं.

तू आग दिलीस आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिलास.

नंतर रिक्षात तू म्हणालास, "गोटण दाखव मला." मी म्हटलं, बंद आहे. हरेश पुढे बसला होता, तो मागे न वळता म्हणाला, "मनोऱ्यापर्यंत चला. मी आहे."

तू फळ्यांवरून चालत होतास आणि मी तुझ्या मागे. तू कठडा धरून धरून चालत होतास. मनोऱ्यावर चढल्यावर खाजणाकडे तोंड करून उभा राहिलास. रोहित पक्षी गेलेले आहेत, खाजण निम्मं मोकळं होतं. सुरय तेवढे पाण्यावर सूर मारत होते. हरेशने त्याची दुर्बीण तुला दिली आणि बांधावर बोट दाखवलं. चिखल्यांची पिल्लं, गोटेच पळत सुटल्यासारखी. तू बघितलंस. "किती लहान आहेत," म्हणालास. त्या दोन अंड्यांमधून पिल्लं निघाली होती का, हे मी हरेशला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मग तू दुर्बीण खाली घेतलीस.

"कुठे?"

मी हात लांब करून दाखवलं. ओहोटी होती. गोटणचं तोंड उघडं पडलं होतं, तळाला घोट्याएवढं पाणी, एक बगळा त्यातून चालत पलीकडे गेला. मधलं अंतर आपल्या इमारतीसमोरच्या रस्त्याएवढं. आपण रोज भाजी आणायला ओलांडतो तो.

"एवढंच?" तू म्हणालास.

"एवढंच."

तू कठड्यावर डोकं टेकलंस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. खाली लाटा मागे जात होत्या, त्यामुळे तू रडलास ते हरेशला ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं. जानेवारीपासून तू रडला नव्हतास, तुझी पत्रं येत नव्हती, मला वाटायचं तू एकटाच बरा झालास. तसं नव्हतं, हे मला पाठीवरून कळलं.

उद्या मी कॉलेजात जाऊन रजेचं बोलणार आहे. तुला देवरुखला परत जायचं असेल तर जा, ताईंची कलमं आहेत. राहायचं असेल तर रहा. मी दोन्हीची तयारी करू शकत नाही, त्यामुळे जे असेल ते लवकर सांग.

आणि वरदचं. तू विचारणार आहेस हे मला माहीत आहे, काल रात्री जेवताना दोनदा विचारता विचारता थांबलास. विचार. मी पानं फेकणार नाही. पण हो म्हणेन असंही धरून चालू नकोस. मला अजून माहीत नाही. तू फक्त माझ्यासमोर बसून विचार, देवरुखहून नको.

मृदुला